‘ग्राँ प्री’ : वेग आणि प्रेक्षक

‘ग्राँ प्री’ या १९६६ सालच्या अमेरिकन चित्रपटावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो : त्यांतील मोटारी सजीव आहेत, माणसें मात्र निर्जीव. आक्षेप खोटा नाहीं. अ‍ॅरन, स्टॉडर्ड, सार्ती व बार्लिनी या चार प्रतिस्पर्धी चालकांचीं प्रेमप्रकरणें सुरू झालीं कीं जवळजवळ तीन तासांचा हा चित्रपट लंगडूं लागतो. त्याला तीन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं तीं ध्वनिमुद्रण, ध्वनिपरिणाम व संकलन यांसाठीं, अभिनयासाठीं नव्हेत.

परंतु दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर यांचें बळ संवादांत नसून दृष्टींत आहे. त्यांनीं कॅमेरा धांवत्या मोटारीवर बसविला आणि ती हांकण्यास १९६१ चे जगज्जेते फिल हिल यांस बोलाविलें. सॉल बॅस यांनीं पडद्याचे तुकडे पाडून चेहरे, हात व चाकें एकाच क्षणीं दाखविलीं. त्यामुळें प्रेक्षक शर्यत दुरून पाहत नाहीं. चालकाच्या जागीं जाऊन बसतो. आणि मनाच्या कोपऱ्यांत अपघाताचीही वाट पाहूं लागतो.

मोंझाच्या अखेरच्या शर्यतींत सार्ती ठार होतो. त्याची प्रेयसी लुईझ रक्तानें माखलेले हात छायाचित्रकारांपुढें धरते आणि हेंच तुम्हांस हवें होतें ना, असें आक्रोशून विचारते. तो प्रश्न आम्हां प्रेक्षकांनाही झोंबतो. आधीं भूक चाळवावी आणि मग तिचा जाब विचारावा, हा दिग्दर्शकाचा दांभिकपणा नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. कारण तो कॅमेऱ्यासही त्याच पिंजऱ्यांत उभा करतो आणि विजयाचा आनंदही निर्भेळ ठेवीत नाहीं. शेवटीं विजेता अ‍ॅरन रिकाम्या मार्गावर एकटा चालतो. इंजिनांचा घोष त्याला ऐकूं येतो. गर्दी निघून गेलेली असते.

मे १९६७ मध्यें मोनॅकोच्या खऱ्या शर्यतींत भाजलेला फेरारीचा चालक लोरेन्झो बांदिनी मरण पावला. याच चित्रपटांत तो झळकला होता. लुईझचा प्रश्न पटकथेपुरता नव्हता, याची ती दारुण साक्ष होय. आणि म्हणूनच फिक्या प्रेमकथांसकट हा चित्रपट पाहण्याजोगा आहे.