किक मारण्यापूर्वी

आमच्या घराण्यात कुठल्याही कामाची सुरुवात पुस्तकापासून होते. वडिलांनी शीर्षासन सुरू करण्यापूर्वी योगासनांवरची चार पुस्तकं आणली होती. ती वाचून होईपर्यंत त्यांची मान धरली आणि शीर्षासन राहूनच गेलं. तेव्हा वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बँकेतून रीतसर निवृत्त झाल्यावर, मोटारसायकलवरून नेपाळला जायचं ठरवून मी गॅरेजऐवजी आधी वाचनालयात गेलो, यात नवल ते काय?

‘ठरवून’ हा शब्दही जरा सढळ हातानेच वापरला. खरं म्हणजे ते तोंडातून निघून गेलं. सकाळी टेकडीवर येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकाची मुलगी शिकागोला, दुसऱ्याचा मुलगा सिडनीला. दोघेही आलटूनपालटून जाऊन येतात आणि उरलेलं वर्ष तिकडे दुधाचा कॅन केवढा मोठा असतो ते आम्हाला हातांनी दाखवतात. त्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं, “काय, तुमचा काही परदेशाचा विचार?”

“आहे ना,” मी म्हणालो, “बुलेटवरून जाणार आहे.”

टेकडीवर इतकी शांतता पहाटे चारलासुद्धा नसेल.

बुलेट म्हणजे मेव्हण्याने कंटाळून मला विकलेली. घरी पोचेपर्यंत देश नक्की केला. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आणि मधे समुद्र नाही. “नेपाळ म्हणजे काय परदेश?” असं शिकागो-सिडनीवाले म्हणालेच. त्यांना मी सांगितलं, तिथे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. जिथे घड्याळ बदलतं तो परदेश.

आता पुस्तकांविषयी. मी काही समीक्षक नव्हे. पण छत्तीस वर्षं कर्जाचे अर्ज वाचले आहेत. अर्जात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते आधी बघायचं, एवढीच आमची समीक्षा. त्याच चष्म्यातून मी जगातलं नावाजलेलं मोटारसायकल-वाङ्मय तपासायला घेतलं.

पहिल्याच पुस्तकात मला सख्खा भाऊ भेटला. रॉबर्ट एडिसन फुल्टन नावाचा तरुण अमेरिकन. व्हिएन्नात वास्तुशास्त्र शिकून १९३२ साली लंडनमार्गे घरी निघालेला. तिथे एका जेवणाच्या वेळी कुणीतरी विचारलं, आता बोटीने घरी का? हा म्हणाला, छे, मी मोटारसायकलवरून जगाला फेरी मारून जाणार आहे! यालाही ते बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्याचं दुर्दैव असं, की त्याच टेबलाशी डग्लस मोटारसायकल कंपनीचा माणूस बसला होता आणि तो म्हणाला, गाडी आम्ही देतो. झालं! बोललेलं गिळायची सोय राहिली नाही. ‘वन मॅन कॅरॅव्हॅन’ हे त्याचं पुस्तक १९३७ साली आलं. फुशारकीतून निघालेला माणूस सबंध पुस्तकभर फुशारकी मारत नाही, हा त्याचा मोठाच गुण. दोष एवढाच, की ते वाचून पंचविशीतला माणूस काय काय करू शकतो हे कळतं. साठीतल्याला त्याचा उपयोग नाही.

दुसरं टेड सायमनचं ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’, १९७९ सालचं. हा पत्रकार ऑक्टोबर १९७३ मध्ये ट्रायम्फच्या ५०० सी.सी.च्या गाडीवरून लंडनहून निघाला आणि चार वर्षांनी, साठ हजारांहून अधिक मैल हिंडून परत आला. निघायचं मनात आलं तेव्हा त्याच्याकडे मोटारसायकलचं लायसन्ससुद्धा नव्हतं! या जातीच्या पुस्तकांत मला हे सर्वांत आवडलं, कारण भीती वाटली की हा वाटली म्हणून सांगतो. वाटेतले अडथळे हाच खरा प्रवास, असंही त्याचं म्हणणं. हे तत्त्वज्ञान मी मान डोलवत वाचलं. पण त्याला दुपारच्या जेवणाआधी साखरेची गोळी घ्यायची नव्हती. पंक्चरला तत्त्वज्ञान म्हणायला पोटात वेळेवर काहीतरी असावं लागतं.

तिसरं, ‘लाँग वे राउंड’. सिनेनट यूअन मॅग्रेगर आणि त्याचा दोस्त चार्ली बोरमन २००४ साली एप्रिल ते जुलै अशा साडेतीन महिन्यांत लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला गेले. कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया, अलास्का असं करत. पुस्तक आहे, टी.व्ही. मालिकाही आहे. यांनी तयारीसाठी लंडनमध्ये चक्क कचेरी थाटली होती! नकाशे, शिकवण्या, प्रायोजक. एका कंपनीने मोटारसायकली द्यायला नकार दिला तेव्हा सुतक आल्यासारखे चेहरे झाले. मला विचाराल तर ही तयारीच त्या प्रकाराचा उत्कृष्ट भाग. पुढे मदतीच्या गाड्या असतात, आणि मदतीची गाडी दिसली की वाचकाचा जीव उगाच भांड्यात पडतो. प्रवासवर्णनात वाचकाचा जीव भांड्याबाहेरच बरा.

चौथं, रॉबर्ट पर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. परदेशाशी संबंध नाही. १९६८ साली बाप-लेक मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला जातात एवढंच. १२१ प्रकाशकांनी परत केलेलं हस्तलिखित १९७४ साली छापलं गेलं आणि जगभर खपलं. मधली तत्त्वचर्चा मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा झोप उत्तम लागली. पण सुरुवातीलाच एका प्रकरणात या गृहस्थाने सामानाची यादी दिली आहे! कपडे, स्वयंपाकाची भांडीकुंडी, गाडीची हत्यारं, सगळं ओळीने. शिवाय तीन पुस्तकं: गाडीचं मॅन्युअल, दुरुस्तीचं एक जाडजूड, आणि थोरोचं ‘वॉल्डन’. यादी हा वाङ्मयप्रकार आपल्या टीकाकारांनी फार उपेक्षिला आहे. माणूस आत्मचरित्रात खोटं बोलेल, यादीत बोलणार नाही.

मग मीही यादी केली. त्रेचाळीस कलमं. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, प्लग, दोन ट्यूब, चेनची कडी, पान्यांचा संच, फ्यूज. कागदपत्रं: आर.सी., पी.यू.सी., लायसन्स. इन्शुरन्सपुढे तांबडी फुली, कारण आपली नेहमीची पॉलिसी हद्द ओलांडली की संपते. जादा पैसे भरून ती नेपाळपुरती वाढवून घ्यावी लागते. हे मला चारही पुस्तकांतल्या एकानेही सांगितलं नाही. गोरखपूरच्या पुढे सोनौलीला सीमा. तिथे ‘भंसार’, म्हणजे तिकडचं कस्टम. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे गाडीसाठी भरायचे. आपल्या शंभर रुपयांचे त्यांचे एकशेसाठ. आणि कलम बेचाळीस: मागची सीट – मोठी बॅग, दोऱ्यांनी घट्ट.

यादी टेबलावर ठेवून मी चहा करायला आत गेलो. ही शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण लाल पेन अजून निवृत्त झालेलं नाही. परत येऊन बघतो तो बेचाळिसाव्या कलमाखाली दोन लाल रेघा.

“अहो, मागच्या सीटवर बॅग का?”

“अगं, तुझी कंबर… आणि लांबचा पल्ला…”

“मला विचारलंत?”

विचारलं नव्हतं. टेकडीवरच्या मंडळींना विचारलं होतं, मेस्त्रीला विचारलं होतं, चार परदेशी लेखकांना विचारलं होतं.

“मी बत्तीस वर्षं फळ्यावर अन्नपूर्णा आणि धवलगिरी काढले,” ही शांतपणे म्हणाली, “एकही पाहिला नाही. आणि पस्तीस वर्षं तुमच्या स्कूटरवर मागे बसले. साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून. मी फक्त डावीकडचं पुणं पाहिलंय.”

तिने रागावून म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. ती हे भूगोलाच्या तासासारखं म्हणाली. चहा गार झाला.

त्या रात्री मी सगळी पुस्तकं पुन्हा काढली आणि माझी समीक्षा रद्द करून नव्याने लिहायला घेतली. अर्जात काय लिहिलेलं नाही हे बघणारा मी, आणि नेमकी मागची सीट बघायची विसरलो होतो! फुल्टनच्या मागे सामान. सायमनच्या मागे बहुतेक वाट पेट्याच. मॅग्रेगर-बोरमन स्वतंत्र गाड्यांवर, मागे बोचकी. चे गव्हेरा १९५२ साली आल्बेर्तो ग्रानादोबरोबर जुन्या नॉर्टनवरून दक्षिण अमेरिका बघायला निघाला, तेव्हा मागची सीट निदान मित्राला होती. गाडीचं नाव ‘बलवान’ अशा अर्थाचं. ती चिलीतच कायमची बसली आणि पुढचा प्रवास बिनमोटारसायकलचा झाला. जाण्यापूर्वी तो प्रेयसीला एक कुत्र्याचं पिल्लू देऊन गेला. पिल्लाचं नाव ‘कमबॅक’. पुढे वाटेत त्याला तिचं पत्र आलं की आता येऊ नकोस. त्या पुस्तकात मला सगळ्यांत जास्त त्या पिल्लाची काळजी वाटली.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ सालच्या, मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड हवी, पाय टेकायला जागा हवी आणि कपडा अडकू नये म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असं स्पष्ट लिहिलं आहे. ज्याला आपण साडी-गार्ड म्हणतो ते हेच. एवढ्या साऱ्या प्रवासलेखकांनी मिळून मागे बसणाऱ्या माणसाचा जेवढा विचार केला नाही, तेवढा या एका नियमाने केला आहे.

अपवाद एकच, आणि तो मी पहिल्या वाचनात झोपेत घालवला होता. पर्सिगच्या मागे त्याचा अकरा वर्षांचा मुलगा बसलेला आहे. बाप शेकडो पानं विचार करतो. मुलगा मागे कुरकुरतो, रुसतो. शेवटी शेवटी मुलगा पायटेकूंवर उभा राहतो आणि त्याला बापाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसतो. तोपर्यंत सबंध प्रवासात त्याने बापाची पाठ तेवढी पाहिलेली असते! त्या पुस्तकाचं सारं मोठेपण माझ्या लेखी त्या जागी आहे. हा मुलगा १९७९ साली, तरुणपणीच, सॅन फ्रान्सिस्कोत मारला गेला. हे कळल्यावर ती जागा पुन्हा वाचवत नाही. मी पुस्तक मिटवलं. शेजारच्या खोलीत ही झोपली होती. माझी पाठ तिला किती पाठ असेल, याचा मी पस्तीस वर्षांत हिशेब केला नव्हता.

आपल्याकडे वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. मोटारसायकल नव्हती, पायी. ‘माझा प्रवास’ची सुरुवात घरातून होते: घरचं कर्ज, घरच्यांची परवानगी. बंडाच्या धामधुमीत कमावलेलं लुटलं गेलं. तरी परतताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावर आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने न्हाऊ घातलं. निघताना घर आहे, परतताना घर आहे, म्हणून ते प्रवासवर्णन पुरं वाटतं. बाकीच्या पुस्तकांत घर म्हणजे निघायची जागा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मेस्त्रीकडे गेलो. बॅग दोन भागांत चाकाच्या दोन्ही बाजूंना टांगायची, मागे टेकायला पाठ बसवायची, सीटचा फोम बदलायचा असं ठरलं. “काका, हे आधी सांगायचं ना,” मेस्त्री म्हणाला, “मी कधीपासून म्हणत होतो, काकू नाही का जाणार?” तो असं कधीही म्हणाला नव्हता, पण मी गप्प बसलो.

रविवारी सरावाला सिंहगड रस्त्याने निघालो. ही सलवार-कमीज घालून, हेल्मेट चढवून, दोन्हीकडे पाय टाकून बसली. खडकवासल्याचं धरण मागे पडलं आणि पाठीवर थाप बसली.

“अहो! उजवीकडे केवढं पाणी आहे!”

या रस्त्याने आम्ही किमान पन्नास वेळा गेलो असू. पण जाताना पाणी उजवीकडे असतं, आणि येताना नेहमी अंधार पडलेला. मग तिने पाण्यावरचे पक्षी सांगितले, पलीकडचे डोंगर नावांनिशी सांगितले, ढग कुठल्या जातीचे तेही सांगितलं. मला मात्र यातलं काहीही दिसलं नाही. माझ्यासमोर खड्डे, एक टेम्पो आणि अवेळी वळणारी एक रिक्षा.

तेव्हा या साऱ्या वाङ्मयाबद्दलचा माझा अखेरचा अभिप्राय असा: ही पुस्तकं पुढे बसलेल्या माणसांनी लिहिली आहेत, आणि पुढे बसलेल्याला रस्त्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. बघणारं माणूस मागे बसलेलं असतं. पोखऱ्याला अन्नपूर्णा दिसली तर ती डावीकडे की उजवीकडे, हे हीच सांगेल. लिहायचं झालं तर तिनेच लिहावं.

सुधारलेली यादी काल तिच्यासमोर ठेवली. बेचाळिसावं कलम खोडून तिथे ‘सौ.’ असं लिहिलं होतं. तिने लाल पेनाने ते खोडून पहिल्या क्रमांकावर नेलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि खाली दहापैकी सात गुण दिले.

सातवर मी समाधानी आहे. आठ देताना मी तिला कधी पाहिलेलं नाही.