एका दरपत्रकाचं देखणेपण

पुण्यातल्या एका घरगुती फराळ-उद्योगाचं दिवाळीचं दरपत्रक समोर आहे. ए-फोरच्या निम्म्या आकाराचा फिकट पिवळा कागद, एकच काळी शाई. जवळपासच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं असणार. दिवाळी अंकाचं उत्तम मुखपृष्ठ पाहावं तितक्याच आवडीनं मी ते पाहतो.

आधी ओळींमधलं अंतर. ‘बेसन लाडू’च्या खाली ‘खवा करंजी’ आहे. वरच्या ‘डू’चा ऊकार खाली लोंबतो, खालच्या ‘जी’ची वेलांटी वर उठते; टक्कर व्हायची ती इथेच. पेजमेकर हे मांडणीचं सॉफ्टवेअर आपणहून अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर धरतं. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. तेवढ्या जागेत ओळी एकमेकींवर चढतात. इथे ऑपरेटरनं अंतर वाढवलं आहे, आणि त्यासाठी अक्षर थोडं लहानही केलं आहे. तरी पत्रक आजीलाही चष्मा न शोधता वाचता यावं इतकं सुटसुटीत झालं आहे.

खिळ्यांच्या छपाईत हे भान जुळाऱ्याच्या बोटांत असे. १९८५ साली ॲल्डस कंपनीचं पेजमेकर आणि ॲपलचा लेझर प्रिंटर आला, मांडणी छापखान्यातून टेबलावर आली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या संचांनी पुढे तिथे मराठी अक्षरं पुरवली. जुळाऱ्याची नजर मात्र संचाबरोबर मिळत नाही. ती या ऑपरेटरनं कमावली आहे.

दरांचे रकाने तीन : पाव, अर्धा, एक किलो. चौकटीची एकही रेघ नाही. टॅब लावून आकडे उजवीकडून एका रेषेत बसवले आहेत, एककाखाली एकक, शतकाखाली शतक. स्पेसबार दाबत आकडे सरकवणारे पुष्कळ असतात. प्रूफवर ते खपून जातं आणि एक दर बदलला की सगळी ओळ वाकडी होते.

सगळ्यात सुंदर ओळ अनारशांची. नावाला अगदी लागून, बारीक अक्षरात : ‘आठ दिवस आधी सांगावे’. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सुकवून कुटायचे आणि ते पीठ गुळात मुरवायचं. ऐनवेळी अनारसे होत नाहीत. हीच सूचना फुली टाकून तळाला नेली असती, तर गिऱ्हाईक वसुबारसेला येऊन रिकाम्या हातानं परतलं असतं. इथे ‘अनारसे हवेत’ असं मनात येतं त्याच क्षणी अट डोळ्यांपुढे येते. स्वयंपाकघरातलं वेळापत्रक मांडणी करणाऱ्यानं विचारून घेतलेलं दिसतं, आणि धंद्याच्या कागदाला याहून मोठा अलंकार मला माहीत नाही.

फोन क्रमांक पाच-पाच अंकांच्या दोन गटांत आहे, आपण तोंडी सांगतो तसा.

वरची महिरप तेवढी खटकते. तयार चित्रसंचातून उचललेली, जाड, आणि उद्योगाच्या नावातला अनुस्वार तिच्या वेलीत अडकलेला. फाईल जपून ठेवलेली असणारच, दरवर्षी फक्त दर बदलायचे असतात. पुढच्या दिवाळीला दर बदलताना ही महिरपही काढावी आणि ती जागा कशानंही न भरता नावाला द्यावी.