एकाचे तीस करताना

निवडणुकीपूर्वीच्या चाचण्या वाचताना आपण नमुना किती मोठा होता ते पाहतो. त्या नमुन्यातील प्रत्येकाचे मत सारखेच मोजले गेले का, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. बहुतेक वेळा ते सारखे मोजलेले नसते आणि त्यात गैरही काही नाही. तक्रार आहे ती या दुरुस्तीची किंमत न सांगण्याबद्दल. २०१६ सालच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीतील एका चाचणीच्या निमित्ताने आम्ही ती मांडत आहोत.

आधी एक हिशेब करू. समजा, एका शाळेत मुलगे आणि मुली निम्मे-निम्मे आहेत. आपण शंभर जणांना प्रश्न विचारले आणि त्यांत ८० मुलगे व २० मुली आल्या. प्रत्येक मुलाच्या उत्तराला ०.६२५ आणि मुलीच्या उत्तराला २.५ इतका भार दिला की दोन्ही बाजू पन्नास-पन्नास होतात. एक मुलगी आता अडीच जणींच्या वतीने बोलते. पण प्रत्यक्षात बोलल्या त्या वीसच! या व्यवहारातील तूट लेस्ली किश यांच्या सूत्राने काढता येते. सर्व भारांच्या बेरजेचा वर्ग करायचा आणि त्याला भारांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. येथे १०,००० भागिले १५६.२५, म्हणजे ६४. विचारले शंभर जणांना, पण निष्कर्षाचा नेमकेपणा साधारण ६४ जणांच्या साध्या नमुन्याइतकाच उरला. दहावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर सहज करून दाखवता येईल.

खऱ्या सर्वेक्षणात एकाच वेळी लिंग, वय, शिक्षण, वंश अशा अनेक बाबी जनगणनेशी जुळवायच्या असतात. त्यासाठी डेमिंग आणि स्टीफन यांनी १९४० मध्ये एक पद्धत मांडली. आधी लिंगानुसार भार जुळवायचे, मग वयानुसार. वय जुळवताना लिंगाचे प्रमाण थोडे बिघडते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काही फेऱ्यांनंतर आकडे स्थिरावतात. पद्धत सुंदर आहे, पण एखाद्या कप्प्यात एकच माणूस असला तरी ती निमूटपणे त्याच्यावर सगळा भार टाकते.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ यांच्या ‘डेब्रेक’ चाचणीत नेमके हेच झाले. सुमारे तीन हजार जणांच्या ठरलेल्या गटाला पुन्हा पुन्हा विचारले जात होते. भार देताना १८ ते २१ वर्षांचे मतदार असे अगदी अरुंद कप्पे पाडले होते. इलिनॉय राज्यातील १९ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण अशाच कप्प्यात सापडला. त्याचा भार सरासरी उत्तरदात्याच्या तीस पटींपर्यंत गेला. तो होता ट्रम्प यांचा समर्थक. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये नेट कोहन यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये दाखवून दिले, की या एकट्यामुळे साऱ्या देशाच्या निकालात ट्रम्प यांची बाजू सुमारे एका टक्क्याने वर जात होती. कृष्णवर्णीयांमधला त्यांचा पाठिंबा तर एवढ्याने दोन अंकी दिसे!

मोठ्या भारांना कात्री का लावली नाही? कात्री लावली की मूळचा असमतोल थोडा परत येतो, हे चाचणी करणारे जाणून होते, आणि तो आक्षेप खराही आहे. पण एका माणसाच्या गैरहजेरीने आलेख हलत असेल, तर शुद्ध समतोलाचा हा हट्ट आम्हाला पटत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. २०१२ मध्ये कोणाला मत दिले होते हे विचारून त्यावरूनही भार ठरवले होते. जिंकलेल्यालाच मत दिले होते असे नंतर सांगणारे लोक बरेच असतात. अशी आठवण खऱ्या निकालाशी जुळवली, की विजेत्याचे खरे मतदार नमुन्यात कमी पडतात. तरी हे साधन मुळातच वाईट आहे असे नाही. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ने एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, सुमारे २४ लाख परत आल्या, आणि तरीही रूझवेल्ट हरतील असे भाकीत केले. त्याच मतपत्रिकांवरील १९३२ च्या मताची माहिती भारांसाठी वापरली असती, तर विजेता रूझवेल्टच ठरला असता, असे लोर आणि ब्रिक यांनी २०१७ मध्ये दाखवले आहे. विजयाचा आकार मात्र तेव्हाही चुकलाच असता.

‘डेब्रेक’चे निवडणुकीनंतर कौतुक झाले, कारण तिने ट्रम्प पुढे दाखवले होते आणि ते अध्यक्ष झाले. पण ही चाचणी देशभरातील एकूण मतांची होती. तिने ट्रम्प सुमारे तीन टक्क्यांनी पुढे दाखवले. प्रत्यक्षात क्लिंटन यांना सुमारे दोन टक्के मते अधिक मिळाली. म्हणजे चूक पाच टक्क्यांची! ट्रम्प निवडून आले ते राज्यवार निर्वाचकांच्या गणिताने.

एका गोष्टीचे श्रेय मात्र या चाचणीला द्यायलाच हवे. तिने उत्तरे आणि भार दोन्ही सर्वांसाठी खुले ठेवले होते, म्हणूनच तो तरुण कोहन यांना सापडला. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत छापून येणाऱ्या चाचण्यांत नमुन्याचा आकडा ठळकपणे असतो, पण भारांचा तपशील क्वचितच दिसतो.