समेवाचून धावणारी दहा मिनिटं

ड्युसेलडॉर्फच्या ‘नॉय!’ या दोघांच्या बँडचा पहिला अल्बम १९७२ साली आला. त्यातली पहिलीच रचना ‘हालोगालो’. लांबी दहा मिनिटांची. गायन नाही, मुखडा-अंतरा नाही. सुरुवातीला धरलेली स्वरसंगती अखेरपर्यंत बदलत नाही. चढत जाऊन गाठायचा उत्कर्षबिंदूही नाही. वर्णन वाचून रचना कंटाळवाणी वाटावी. प्रत्यक्षात ती पहिल्या मिनिटातच ऐकणाऱ्याला सोबत घेऊन निघते.

यातला पहिला वाटा क्लाउस डिंगरच्या ड्रमचा. ठेका चार मात्रांचा आणि अगदी साधा: हाय-हॅटवर सारख्या अंतराने पडणारे बारीक ठोके, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर, मधल्या जागा भरणारा बास ड्रम. एरवी रॉकमधला ड्रमवादक दर चार-आठ आवर्तनांनी हात मोकळा करतो आणि एक ओळ संपल्याची खूण देतो. डिंगर अशा खुणांना जवळजवळ जागाच देत नाही. मध्येच मोठी झांज कडाडते, पण तिने काही संपत नाही. आपल्या तालात वाढलेल्या कानाला हे लगेच जाणवतं. तिहाई सुरू झाली की आपण समेकडे झुकतो, आणि सम आली की मान आपोआप हलते. इथे झुकायला सम नाही. प्रत्येक आवर्तन पुढच्यात मिसळतं आणि ऐकणारा मुक्कामाची वाट पाहणंच सोडून देतो. तसं सोडलं की मग चालीची खरी मजा यायला लागते.

समीक्षकांनी या ठेक्याला ‘मोटोरिक’ असं यंत्राची आठवण देणारं नाव दिलं. डिंगरला ते कधीच रुचलं नाही. तो स्वतः त्याला ‘अपाची’ ठेका म्हणे आणि त्याचं नातं माणसाच्या चालत राहण्याशी जोडे. नुसत्या ड्रमकडे कान लावून ऐकलं की त्याचं म्हणणं पटतं. ठोक्यांचं वजन कमीजास्त होतं, झांजेचा जोर दर वेळी वेगळा पडतो. हट्टाने सरळ रेषा ओढणारा हात माणसाचाच आहे.

मिशाएल रोथरच्या गिटारी मात्र त्या रेषेवर वेगळाच खेळ मांडतात. एक गिटार वाह-वाह पेडलमधून खरखरत ठेक्याला बिलगून चालते. तिच्यावर लांब, मऊ स्वर तरंगत येतात आणि त्यांतले काही चक्क उलटे आहेत. तार छेडली की स्वर आघाताने उमटतो आणि हळूहळू विरतो. टेप उलटी फिरवली की तोच स्वर कुठूनसा उगवतो, फुगत जातो आणि ऐन भरात तुटतो. हा अल्बम डिसेंबर १९७१मध्ये हॅम्बुर्गच्या एका स्टुडिओत अवघ्या चार रात्रींत ध्वनिमुद्रित झाला. उलट्या टेपचं हे काम साधलं ते ध्वनितंत्रज्ञ आणि निर्माता कॉनी प्लांक याच्या साथीने. ‘हालोगालो’चं मर्म मला इथे सापडतं. ड्रम काळाच्या प्रवाहाबरोबर धावतात, गिटारी त्याच प्रवाहात मागे वाहतात, आणि दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. नुसता ठेका असता तर कवायत झाली असती. नुसत्या गिटारी असत्या तर सगळं धूसर झालं असतं.

रोथरची ही दृष्टी कुठून आली, याचा एक धागा आपल्या उपखंडात आहे. लहानपणी तो काही वर्षं कराचीत राहिला होता. तिथे ऐकलेल्या संगीताचा न संपणारा प्रवाह मनात राहिला, असं तो मुलाखतींत सांगत आला आहे. पुढे इंग्लंड-अमेरिकेतले बँड रंगत आणायला सतार वाजवू लागले. रोथरने ते वाद्य उचललं नाही, एका स्वरावर ठाण मांडून बसण्याची वृत्ती घेतली. त्याला सुटका हवी होती ती ब्लूजच्या ठरीव चौकटीतून. युद्धानंतरच्या जर्मन पिढीतल्या अनेकांना अमेरिकन साच्यात न बसणारं स्वतःचं संगीत हवं होतं. डिंगर आणि रोथर १९७१मध्ये फ्लोरियान श्नायडरबरोबर ‘क्राफ्टवेर्क’ या बँडमध्ये वाजवत होते. तिथून बाहेर पडून त्यांनी हा बँड काढला.

पुढच्या संगीतकारांनी यातून काय उचललं, ते पाहण्यासारखं आहे. ब्रायन ईनो १९७६मध्ये फोर्स्ट गावी जाऊन रोथरच्या ‘हार्मोनिया’ या दुसऱ्या बँडबरोबर वाजवून आला आणि मग डेव्हिड बोवीच्या बर्लिन काळातल्या अल्बमांत सामील झाला. सत्तरच्या दशकातले महत्त्वाचे ठेके सांगताना ईनोने फेला कुटी आणि जेम्स ब्राउन यांच्या पंक्तीत ‘नॉय!’ला बसवलं. सोनिक यूथच्या मंडळींनी ‘सिकोनी यूथ’ या नावाने काढलेल्या अल्बममध्ये तर एका रचनेच्या शीर्षकातच ‘नॉय!’ आहे. स्टिरिओलॅबने नव्वदीत हाच ठेका घेऊन त्यावर गोड गळ्याची गाणी बसवली. आज गिटार-बँडला लांब पल्ल्याची धाव हवी असली की ड्रमवादक हटकून याच ठेक्यावर येतो.

ठेका नेणं सोपं होतं, म्हणून तोच जास्त गेला. त्याच्या उलट दिशेला वाहणारा सूर फार थोड्यांनी नेला. खुद्द ‘नॉय!’लाही तो तोल फार काळ टिकवता आला नाही. १९७५च्या अल्बममध्ये त्यांनी बाजूच वाटून घेतल्या: पहिली रोथरच्या शांततेची, दुसरी डिंगरच्या आरडाओरड्याची. दुसऱ्या बाजूत पुढच्या पंकची चाहूल लागते, पहिलीत निवांत विद्युत-संगीताची. दोन्ही बाजू सुंदर आहेत, पण भांडण मिटल्यासारख्या. ‘हालोगालो’त ते भांडण चालू आहे, आणि कुणीच हरत नाही. म्हणून मला ती त्यांची सर्वश्रेष्ठ रचना वाटते. पहिल्यांदा ऐकताना ड्रमबरोबर जावं. दुसऱ्यांदा ड्रमकडे दुर्लक्ष करून एकेका उलट्या स्वराचा जन्म ऐकावा. अनुकरण करणाऱ्यांच्या हातून काय निसटलं, ते तेव्हा कळतं.