साल्बुर्गचा कोट: जीर्णोद्धार कीं पुरावा?

जर्मनींतील टाउनुस डोंगरावर, रोमन साम्राज्याच्या सरहद्दीलगत, साल्बुर्गचा कोट आहे. सुमारें आठ एकरांचें हें ठाणें दुसऱ्या रेटियन पलटणीचें. तें तिसऱ्या शतकांत ओस पडलें. पुढें कैसर दुसरा विल्यम याच्या आज्ञेवरून लुई याकोबी यानें १८९७ ते १९०७ पर्यंत तें जुन्या पायावर पुन्हा उभारलें. २००५ सालीं ही सरहद्द जागतिक वारशांत दाखल झाली. त्या वेळीं असें ठरलें कीं, १९६५ पूर्वींचें पुनर्बांधकाम वारशांत धरावें. नंतरचें मात्र वगळून केवळ संरक्षक पट्ट्यांत घालावें.

हा निवाडा आम्हांस पटत नाहीं. याकोबीनें तटावरील चऱ्या फार दाट बसविल्या, हें मागाहून उघड झालें. तटाचे दगडही त्यानें उघडे ठेविले. वस्तुतः रोमन तटावर पांढरा गिलावा असून सांधे तांबड्या रेघांनीं दाखविलेले होते. चूक जुनी झाली म्हणून ती रोमन ठरत नाहीं. देवळाचा जीर्णोद्धार पूजेकरितां असतो. दगड बदलला तरी देव तोच. कोटाला असा देव कोठला? तेथें दगड हेंच सर्वस्व.

मात्र दरवाजापुढें अँटोनिनस पायसचा पुतळा आहे, आणि त्याखालील लॅटिन लेखांत विल्यम स्वतःस जर्मनांचा सम्राट म्हणवून रोमन सम्राटाच्या पंक्तीस बसतो. कैसरच्या राजकारणाचें हें अस्सल साधन होय. तें अवश्य राखावें. परंतु यादींत नोंदी दोन हव्यात: पाया रोमन म्हणून, तट कैसरचा म्हणून.