‘लिहिलं’ असं यंत्र म्हणतं तेव्हा

जे. एल. ऑस्टिन यांची हार्वर्डमधली १९५५ ची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचं म्हणणं असं की काही वाक्यं वर्णन करत नाहीत, ती कृतीच असतात. ‘मी वचन देतो’ असं म्हणणं म्हणजेच वचन देणं. आज त्या चष्म्यातून आम्ही आमच्या घरातल्या एका डब्याकडे बघणार आहोत. हसू नका! डबा म्हणजे नॅस, नेटवर्कवरचं साठवण-यंत्र. आत चार हार्डडिस्क, त्यांच्यावर झेडएफएस.

संगणक डब्याकडे मजकूर पाठवतो आणि कधीकधी विचारतो, ‘नक्की उतरलं ना?’ याला सिंक लिखाण म्हणतात. उत्तर येईपर्यंत तो पुढे जात नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. असे हजारो छोटे प्रश्न आले की सगळं रेंगाळतं. मग कुणीतरी जाणकार सांगतो, सिंक ‘डिसेबल्ड’ करा. केलं की डबा पळायला लागतो. कारण मजकूर अजून रॅममध्ये असतानाच तो सांगून मोकळा होतो, ‘हो, उतरलं.’

या सल्ल्याची बाजू मांडायलाच हवी, कारण ती पोकळ नाही. झेडएफएस जुन्या मजकुरावर नवा लिहीत नाही. नवा दुसरीकडे लिहितो आणि मग खूण बदलतो. त्यामुळे लाईट गेली तरी डिस्कवरची रचना मोडत नाही. जातं ते शेवटच्या काही सेकंदांचं. रॅममधला मजकूर एरवी साधारण पाच सेकंदांनी गठ्ठ्याने खाली जातो. ‘पाच सेकंदांनी काय बिघडतंय?’ असं विचारतात.

आमचा आक्षेप इथे आहे. हा युक्तिवाद डब्याला एकटा धरतो. वचनाला दोन बाजू असतात! संगणक आणि डबा एकदमच बंद पडले तर दोघेही एकत्र विसरतात, आणि बहुतेकदा निभावतं. पण एकानेच विसरलं तर? आमच्याकडे तेच झालं. संगणक इन्व्हर्टरवर, डबा भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. जोडणी आम्हीच केलेली, दोष कुणाला देणार! लाईट गेली, संगणक चालू राहिला, डबा झोपला. उठला तेव्हा तो काही सेकंद मागे होता. संगणकाला मात्र ‘उतरलं’ हे आठवत होतं. कात्रणांच्या सूचीचा डेटाबेस दोन्हींच्या मध्ये फाटला.

गंमत म्हणजे या प्रसंगाची सोय मुळात केलेली आहे. एनएफएसच्या १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत डबा पटकन ‘मिळालं’ म्हणू शकतो, पण ‘पक्कं’ म्हणत नाही. संगणक आपली प्रत जपून ठेवतो. डबा मध्येच बंद पडून उठला तर त्याचा एक खूण-आकडा बदललेला असतो, आणि संगणक उरलेलं पुन्हा पाठवतो. ‘पक्कं’ हा शब्द आल्यावरच प्रत सोडली जाते. ‘मिळालं’ आणि ‘पक्कं’, दोन वेगळे शब्द, किती नेमकं! सिंक बंद केलं की हा दुसरा शब्दच खोटा होतो. वेग मिळतो, पण शब्दाचा अर्थ गेल्यामुळे मिळतो.

म्हणून ‘वेग विरुद्ध सुरक्षा’ ही तराजूची भाषा आम्हाला अपुरी वाटते. वचन खरं ठेवून ते लवकर देता येतं का, हा खरा प्रश्न. येतं. लॉगसाठी वेगळी छोटी एसएसडी लावतात, तिला स्लॉग म्हणतात. तिच्यात कपॅसिटर हवेत, म्हणजे वीज गेल्यावरही हातातलं लिहून संपवता येतं. लोक तिला कॅशे समजतात, ते चूक. मजकूर तबकडीवर जातो तो रॅममधूनच. स्लॉग वाचली जाते ती अपघातानंतर. आणि जिथे सिंक मागितलंच जात नाही, उदाहरणार्थ विंडोजवरून साधी फाइल कॉपी करताना, तिथे तिचा काडीचा उपयोग नाही. पैसे वाया.

यूपीएस? हवाच. पण तो बाहेरची वीज सांभाळतो. डब्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय जळला, किंवा झाडू मारताना वायर निघाली, तर यूपीएस काय करणार?

झेडएफएसमध्ये ही निवड प्रत्येक कप्प्याला वेगळी करता येते. आम्ही नातवंडांच्या सिनेमांच्या कप्प्यावर सिंक बंदच ठेवलंय, मूळ डिस्क कपाटात आहेत. कात्रणांच्या कप्प्यावर ते पुन्हा चालू केलं. हळू चालतं, चालू दे. आणि डब्याचा प्लग आता इन्व्हर्टरवर आहे.

हं, आता प्रश्न घेऊ.