गेम खेळून संशोधन शिकता येतं का? सात गेम्स आणि माझी मतं



गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एम.एस्सी.च्या एका मुलाने मला विचारलं, "ताई, पेटचा अभ्यास सुरू करायचाय. लॅपटॉपवरचे सगळे गेम्स उडवायला लागतील ना?" मी लगेच 'हो' म्हणू शकले नाही. कारण पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात मी स्वतः एका गेमवर ४०० हून जास्त तास घालवलेत. तेव्हा ते तास मी गाइडपासून लपवले, घरच्यांपासून लपवले. आज त्या तासांचा आणि बाकीच्या गेम्सचा हिशोब मांडते.

गेमचं परीक्षण करताना लोक ग्राफिक्स, गोष्ट, कंट्रोल्स बघतात. मी इथे एकच प्रश्न विचारणार आहे: या गेममध्ये पुढे जायला काय मोजावं लागतं? वेळ, हात, नशीब की समज? संशोधनाला येणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपल्याला रोज ज्या गोष्टीचं बक्षीस मिळतं तीच सवय अंगात मुरते.

सिव्हिलायझेशन: संशोधनाचं सगळ्यात खोटं चित्र

सिड मायर यांचा पहिला 'सिव्हिलायझेशन' १९९१ चा. मी पाचवा आणि सहावा भाग खेळलेय. "अजून एक टर्न" म्हणता म्हणता पहाट होते, एवढा तो चांगला जमलाय. पण त्यातला 'टेक ट्री' बघा. तुम्ही यादीतून छपाईचं तंत्र निवडता, गेम सांगतो १२ टर्न लागतील, आणि १२ टर्न झाल्या की छपाई हजर! १२ टर्न गेल्यावर वाट चुकीची होती असं कळलं, हे तिथे कधीच होत नाही. आपण प्रपोजलमध्ये 'पहिले सहा महिने: साहित्याचा आढावा, पुढचे सहा महिने: सॅम्पल तयार करणे' असा तक्ता भरतो ना, तो याच झाडाची फांदी आहे.

या गेमबद्दलचा एक किस्सा तुम्ही ऐकला असेल. पहिल्या भागात गांधीजींचा आक्रमकपणा १ होता, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले, उणे आकडा साठवता येत नसल्याने तो थेट २५५ झाला, आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटले. बी.एस्सी.च्या मुलांना ओव्हरफ्लो समजावताना मी हा किस्सा रंगवून सांगितलाय. पुढे कळलं, २०२० मध्ये आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात मायर यांनीच सांगितलंय की असा बग नव्हताच. दहा ठिकाणी वाचलं म्हणून मी ते खरं धरलं आणि मूळ स्रोत एकदाही शोधला नाही. संदर्भयादी करताना हे लक्षात ठेवा.

फॅक्टोरिओ: माझे ४०० तास

प्रागच्या वुब सॉफ्टवेअरचा हा गेम २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला. परग्रहावर तुमचं यान कोसळतं. मग खाणी, भट्ट्या, सरकते पट्टे असं करत करत तुम्ही अख्खा कारखाना उभा करता. इथेही संशोधन आहे, पण ते पट्ट्यावरून येतं! एक तांब्याची प्लेट आणि एक लोखंडी गिअर मिळून लाल 'सायन्स पॅक' बनतो, तो प्रयोगशाळेत टाकला की तंत्रज्ञान उघडतं. जुने खेळाडू आपला कारखाना 'मिनिटाला किती सायन्स' या मापात मोजतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. मग आपल्याकडे पेपर कसे मोजतात ते आठवलं आणि हसू थांबलं.

तरीही हा गेम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माल अडला की कुठे अडला हे मागे मागे जाऊन शोधायचं, हे कौशल्य खरं आहे. उपकरणाचं रीडिंग बिघडलं तर मी आज त्याच पद्धतीने एकेक जोडणी तपासते. अडचण दुसरीकडे होती. तेव्हा लॅबमध्ये माझ्या पातळ फिल्म्सना तडे जात होते. आठ महिने तीच रेसिपी, तीच भट्टी, आणि एक फिल्म चांगली तर तीन खराब. रात्री हॉस्टेलवर येऊन फॅक्टोरिओ लावला की दोन तासांत डोळ्यांसमोर काहीतरी वाढलेलं दिसायचं. दिवसभरात न मिळालेली प्रगती मी रात्री तिथून उसनी आणत होते. गेमने मला फसवलं नाही. त्याने तासाला पगार दिला आणि मी तो घेत राहिले.

डार्क सोल्स: अवघड म्हणजे सखोल नव्हे

फ्रॉम सॉफ्टवेअरच्या २०११ च्या या गेमचे चाहते माझ्यावर चिडतील. "हा गेम अपयश पचवायला शिकवतो" असं सगळे म्हणतात. काही अंशी खरं आहे. मेल्यावर साठवलेले 'सोल्स' जिथे पडले तिथे परत जाऊन उचलायचे, वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचे गेले, ही योजना जबरदस्त आहे. पण समोरचा राक्षस प्रत्येक वेळी त्याच ठरावीक चालींमधून हल्ला करतो. चाळिसाव्या वेळी तुम्ही जिंकता ते मुख्यतः हात तयार झाला म्हणून. प्रयोगशाळेत चाळीस वेळा तेच केलं तर हात सफाईदार होतो, उत्तर मिळेलच असं नाही. चिकाटी हवीच, पण 'मी किती सोसलं' हा पुरावा नसतो. वायवाला ते कुणी विचारत नाही.

बीजीएमआय: दोन विजय आणि एक थिअरी

हा तर हॉस्टेलचा राष्ट्रीय खेळ. शंभर जण उतरतात, शेवटी एक उरतो. सगळे सारखेच तरबेज धरले तर एकट्याने खेळताना जिंकण्याची शक्यता शंभरात एक. माझी रूममेट एका संध्याकाळी दोनदा जिंकली आणि "घरात लपून बसणं हीच खरी स्ट्रॅटेजी" असं जाहीर केलं. पुढचे तीन आठवडे ती घरातच मेली. गेम म्हणून मजा येते, पण शिकवणूक म्हणाल तर दोन नमुन्यांवर निष्कर्ष काढू नका, एवढीच.

कर्बल स्पेस प्रोग्रॅम: चूक बोलते

मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड कंपनीचा हा गेम २०१५ मध्ये पूर्ण झाला. रॉकेट जोडायचं, उडवायचं, आणि ते का पडलं ते शोधायचं. माझं पहिलं रॉकेट सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं. कक्षेत जायचं तर उंचीपेक्षा आडवा वेग महत्त्वाचा, हे बारावीत पाठ केलेलं मला तेव्हा समजलं. गेममधल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर ठेवलीय, पृथ्वीची साधारण ६३७१. त्यामुळे कक्षा गाठायला खूप कमी वेग पुरतो आणि नवशिक्या माणसाची उमेद टिकते.

माझी तक्रारही सांगते. मूळ गेममध्ये यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. म्हणून चांद्रयान-३ ने कक्षा वाढवत वाढवत केला तसा प्रवास तुम्ही तिथे करू शकता. पण २०२४ च्या जानेवारीत आदित्य-एल१ जिथे पोचलं, तसा बिंदूच त्या जगात नाही, कारण त्यासाठी दोन गोलांची ओढ एकत्र मोजावी लागते. प्रत्येक मॉडेलला विचारायचा पहिला प्रश्न हाच: तू काय दाखवूच शकत नाहीस?

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन: पुरावा म्हणजे काय

लुकास पोप यांचा २०१८ चा गेम, आणि या यादीत माझा सगळ्यात लाडका. साल १८०७. ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज रिकामं परत आलंय. तुम्ही विम्याचे तपासनीस. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं, कोण कसा मेला, कुणी मारलं, हे वहीत भरायचं. तुमच्याकडे एक घड्याळ आहे, ते मृत्यूचा क्षण गोठवून दाखवतं. नाव थेट क्वचितच कळतं. बोलण्याची ढब, झोळीवरचा नंबर, कपडे, कोण कुणाच्या शेजारी उभा आहे, यावरून तर्क करायचा.

सगळ्यात सुंदर नियम असा: तिघांची नोंद पूर्ण बरोबर झाली की मगच गेम ती पक्की करतो. म्हणजे एकेक अंदाज टाकून बघता येत नाही. पण याच नियमाला फट आहे, आणि मी ती वापरली. दोघांबद्दल खात्री असेल तर तिसऱ्याचं नाव बदलत राहायचं, कधीतरी गेम 'बरोबर' म्हणतोच. शेवटचे काही खलाशी मी असेच 'सोडवले'. उत्तर बरोबर आलं, पण ते का बरोबर आहे हे मी आजही सांगू शकणार नाही. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येईपर्यंत चाचण्या बदलत राहणं याहून वेगळं नाही. फरक एवढाच की गेममध्ये नुकसान फक्त माझं झालं.

आउटर वाइल्ड्स: फक्त समजेची किंमत

हा २०१९ चा गेम अ‍ॅलेक्स बीचम यांच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातल्या मास्टर्सच्या थिसीसमधून वाढला. थिसीस कपाटात धूळच खातो असं म्हणणाऱ्यांना सांगा! एक छोटी सूर्यमाला, तुमचं यान, आणि दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट. मग सगळं पहिल्यापासून. तुम्हाला नवं हत्यार मिळत नाही, ताकद वाढत नाही. मागच्या फेरीतून पुढच्या फेरीत येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. शेवट कसा गाठायचा हे माहीत असेल तर गेम एकाच फेरीत संपतो, म्हणून यापुढे एक अक्षर सांगत नाही. दोष आहेत: त्याच जागी पुन्हा पुन्हा उडत जाणं कंटाळवाणं होतं, मी दोनदा गेम मध्येच सोडला होता.

यानात एक नोंदफलक असतो. कुठे काय ऐकलं, कशाचा कशाशी संबंध, सगळं धाग्यांनी जोडलेलं. हे बघून मी माझ्या ६३ फिल्म्स एका मोठ्या कागदावर मांडल्या: तारीख, द्रावण, तापमान, निकाल. धड आलेल्या जवळपास सगळ्या फिल्म्स फेब्रुवारी ते मे मधल्या होत्या. पुण्याचा पावसाळा, खोलीतली आर्द्रता! आठ महिने मी रेसिपी तपासत होते, हवा नाही. गाइड म्हणाले, "आजपासून प्रत्येक नोंदीत आर्द्रता लिही." त्यातून साधारण अर्ध्या तड्यांचा उलगडा झाला. उरलेले का गेले ते मला अजून माहीत नाही, आणि थिसीसमध्ये मी तसंच लिहिणार आहे.

सगळे गेम्स एक गोष्ट लपवतात

तो नोंदफलक तुम्हाला सांगतो, 'इथे अजून काहीतरी शोधायचं बाकी आहे.' ओब्रा डिनमध्ये तिघं जुळले की सूर वाजतो. कुणीतरी उत्तर आधीच लपवून ठेवलंय, त्यामुळे शोधलं तर सापडणार याची खात्री असते. संशोधनात ही खात्री कुणी देत नाही. तिसऱ्या वर्षी मला फिल्म्सच्या तड्यांपेक्षा जास्त त्रास याचा झाला की 'बरोबर चाललंय' म्हणणारा सूर कुठूनच वाजत नव्हता. मी तो सूर रात्री विकत घेत होते.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं? गेम्स उडवू नकोस. पण बंद करताना स्वतःला विचार, आज मला बक्षीस कशाचं मिळालं? महिनाभर उत्तर 'वेळेचं' असंच येत असेल, तर गेमवर खापर फोडण्याआधी लॅबमध्ये काय अडलंय ते बघ, आणि ते गाइडला सांग. मी ते आठ महिने उशिरा सांगितलं. सांगितल्यावर त्यांनी रागावण्याआधी माझा तो कागद मागून घेतला आणि तासभर बघत बसले.

तुमच्या यादीत कोणता गेम आहे, आणि तो कशाचं बक्षीस देतो? कमेंटमध्ये नक्की लिहा. आउटर वाइल्ड्सचा शेवट मात्र लिहू नका!